विजूआत्याचा उजवा कान

माझी विजूआत्या गेली तेव्हा तिचे दोन्ही कान कोरडे होते. शोकसभेत सांगण्याजोगी ही गोष्ट नाही हे मला मान्य आहे. मी ती सांगितली तेव्हा माझ्या बायकोने, मेधाने, माझ्या पायावर पाय दिला. पण आत्याच्या आजारात यश मोजायची पट्टीच ती आहे. कान कोरडा, म्हणजे ऑपरेशन यशस्वी. ऐकू येतं का, चेहरा जागेवर आहे का, या सगळ्या नंतरच्या चौकशा. आत्या स्वतः म्हणायची, "माझं ऑपरेशन एकदम यशस्वी आहे. त्या कानाने ऐकू येत नाही, त्या बाजूने हसता येत नाही, पण कान बघाल तर राजस्थान."

आजाराचं नाव कोलेस्टिॲटोमा. पडद्याआड, मधल्या कानात, कातडीच्या पापुद्र्यांची एक गाठ साचत जाते. कॅन्सर नव्हे, पण शेजारचं हाड खात सुटते. आधी ऐकण्याची तीन बारकी हाडं, मग चेहऱ्याची नस, आणि कोणी अडवलं नाही तर मेंदूच्या उंबऱ्यापर्यंत. आमच्या घराण्यात हे नाव कोणालाच नीट उच्चारता आलं नाही. धाकट्या काकूने त्याचं कोलेस्टेरॉल करून टाकलं आणि आयुष्यभर आत्याच्या पुरणपोळीवर तूप वाढलं नाही. आत्याने तिला कधीही सुधारलं नाही. "शिकवायचा मी पगार घेते," ती म्हणायची. "सणासुदीला फुकट शिकवत नाही."

आत्या माझ्या वडिलांची पाठची बहीण. कळव्याच्या एका शाळेत तिने तीसेक वर्षं गणित शिकवलं, लग्न केलं नाही आणि कोपरला दुसऱ्या मजल्यावर एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. आम्ही डोंबिवली पूर्वेला. मधे रेल्वेचे रूळ होते आणि ते तिला पुरेसे वाटत नसत.

डाव्या कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. लहानपणापासून तो कान वाहायचा आणि घरचे त्यात लसणीचं कोमट तेल सोडायचे. या उपायाने कान सोडून बाकी सगळ्यांना बरं वाटायचं. शेवटी ऑपरेशन झालं तोवर आजार चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचला होता. मेंदू वाचला, कान कोरडा झाला, चेहऱ्याची डावी बाजू मात्र तिथेच थांबली. ती हसली की ओठांचा उजवा कोपरा वर जाई आणि डावा जागच्या जागी राही. त्यामुळे तिचं प्रत्येक हसू कुत्सित दिसायचं. तिने कौतुक केलं तरी समोरचा माणूस घरी जाऊन विचार करत बसे, बाईंना नक्की काय म्हणायचं होतं.

"पंचविशीपर्यंत मी सरळ बोलून पाहिलं," तिने मला एकदा सांगितलं. "कुणाचा विश्वासच बसेना. मग म्हटलं, चेहरा एवढी मेहनत घेतोय, तर जिभेने तरी का मागे राहावं."

जीभ मागे राहिली नाही. माझ्या मुंजीत मी पाठ केलेलं सगळं विसरलो तेव्हा भर मंडपात ती म्हणाली, "असू दे रे नंदू, तुझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती." हे वाक्य मला पुढे दहावीला, नोकरीत आणि लग्नातही उपयोगी पडलं.

तिला दाखवायचे कार्यक्रम झाले होते, दोन. दुसऱ्या वेळी मुलाची आई नेमकी तिच्या डाव्या हाताला बसली आणि अर्धा तास तिला प्रश्न विचारत राहिली. आत्या समोरच्या भिंतीकडे बघत शांत बसलेली. त्या बाईंनी जाताना निरोप ठेवला की मुलगी फार गर्विष्ठ आहे. आत्याला हे कळल्यावर ती म्हणाली, "एकाही प्रश्नाचं उत्तर न देता एवढी छाप पडली. उत्तरं दिली असती तर पदरात पडला असता तो."

शाळेत तिचा जो दरारा होता त्याचं मूळही त्या कानातच होतं, पण हे गुपित तिने निवृत्त झाल्यावर उघड केलं. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. वर्गात कोणी मांजराचा आवाज काढला तर तिला एवढंच कळायचं की वर्गात मांजर आहे. मग ती खडू खाली ठेवायची, वळायची आणि कोणत्या तरी बाकाकडे बघून अर्धं हसायची. "तू नाही," ती त्या मुलाला सांगायची. "ज्याने काढला तो मला दिसतोय. मी दहा मोजते." सातपर्यंत कोणीतरी उभं राहायचंच. कळव्यातल्या दोन पिढ्यांची खात्री होती की बाईंना पाठीला डोळे आहेत. प्रत्यक्षात बाईंना कानही दीडच होते, त्यातला अर्धा शोभेचा.

"आणि कोणीच उभं राहिलं नसतं तर?" मी विचारलं.

"मग मी अकरा म्हटलं असतं," आत्या म्हणाली.

ऑपरेशनने कानाच्या मागचं हाड कोरून काढलेलं होतं, त्यामुळे आत एक पोकळी राहिली होती. ही पोकळी म्हणजे घरात कायमचं येऊन राहिलेलं माणूस. तिला पाणी चालत नसे, गार वारा चालत नसे आणि वर्षातून एकदा तिची साफसफाई करावी लागे. नाही केली तर मळ साचून आजार परत यायची भीती. न्हायच्या आधी आत्या कापसाचा बोळा व्हॅसलिनमध्ये बुडवून कानात बसवायची, आणि हे काम इतक्या गंभीरपणे चालायचं की बघणारा आपोआप उभा राही. एसीचा झोत डावीकडून आला की तिला गरगरायला लागे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ती नवरा-नवरीकडे न बघता आधी छताकडे बघायची.

सालाबादच्या सफाईला तिला ठाण्याला न्यायचं काम माझं. यासाठी माझी निवड झाली ती गुणांवर नव्हे. सक्शनची नळी त्या पोकळीत गेली की नंतर अर्धा तास जग गोल फिरतं, आणि तेव्हा धरायला जवळ कोणीतरी लागतं. "फार हुशार माणूस नको," ती म्हणाली होती. "खांब असला तरी चालेल." तेव्हापासून वीस वर्षं मी खांब होतो. तिला गाडीत पुढे बसवायचं, म्हणजे ड्रायव्हर आपोआप चांगल्या कानाकडे येतो, आणि मुंब्रा बायपासच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या संसाराबद्दलची तिची मतं ऐकायची.

ठाण्याचे डॉक्टर हे तिचे विद्यार्थी निघाले. स्वतः चाळिशी ओलांडलेले, भिंतीवर पाच पदव्या, बाहेर पेशंटांची रांग. पण आत्या आत आली की खुर्चीतून उठून उभे राहायचे, आणि ती बसेपर्यंत बसायचे नाहीत. तिसरीच भेट असेल, त्यांनी डावा कान साफ केला आणि म्हणाले, "बाई, आता जरा उजवाही बघतो."

"तो नको," आत्या म्हणाली.

"नुसता बघतो. हात लावत नाही."

"त्याला काही झालेलं नाही. घरात एक मूल व्यवस्थित आहे, तर त्याला कशाला उठवून डॉक्टरसमोर उभं करायचं. दृष्ट लागते."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत. बाई अर्ध्या हसल्या, आणि त्या हसण्यातून गंमत कुठली आणि हुकूम कुठला हे त्यांना शाळेतही कधी कळलं नव्हतं. त्यांनी दुर्बीण बाजूला केली. पुढल्या वर्षीपासून आत्या जाताना उजव्या कानावरून घट्ट स्कार्फ बांधून जायला लागली. ज्या बाईने आयुष्यभर पोरांना सिद्ध केल्याशिवाय काही मानू नका म्हणून शिकवलं, ती एका कानाला दृष्टीपासून वाचवत होती. आणि आम्ही? आम्हाला ते कौतुकाचं वाटायचं. मी तर ही गोष्ट चार ठिकाणी रंगवून सांगितली होती. पेढेसुद्धा मिळाले होते एका ठिकाणी.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका वर्षी डॉक्टरांच्या मणक्याचं काहीतरी निघालं आणि त्यांच्या जागी त्यांची सून बसायला लागली. तीही कानाचीच डॉक्टर. शिडशिडीत, केस आखूड, बोलणं एका पट्टीत. ती कळव्याच्या शाळेत शिकलेली नव्हती, आणि आत्याला तिने आजवर फक्त केसपेपरवर पाहिलं होतं. तिने डावा कान साफ केला, कोरडा असल्याचं लिहिलं आणि म्हणाली, "स्कार्फ काढा आजी."

"तो कान चांगला आहे."

"कोणी पाहिला?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांबासारखा उभा राहिलो.

"कोणी पाहिलाच नाही, तर चांगला आहे हे कशावरून?" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यातलं 'हे कशावरून?' शब्दशः आत्याचं होतं. ती ते दरवर्षी नववीच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची. तिने मुकाट्याने गाठ सोडली.

डॉक्टरबाई बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसल्या. मग त्यांनी तो स्कार्फ घडी करून आत्याच्या मांडीवर ठेवला. ते पाहून मला काय ते कळलं.

तोच आजार, उजव्या कानात. कित्येक वर्षं हळूहळू पडदा आत ओढला जात होता आणि त्याच्यामागे गाठ साचत होती. एवढ्यात ऐकायला कमी येतं का, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "माणसंच अलीकडे पुटपुटतात असं मला वाटत होतं."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. ऑपरेशन केलं नाही तर आजार थांबणार नाही. ऐकणं जाईल, चेहऱ्याची नस जाईल, आणि पुढे जिवालाही धोका आहे. ऑपरेशन केलं तर आजार काढता येईल, पण ऐकणं किती उरेल ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि क्वचित पूर्ण जातं. दुसरा कान असता तर ही एवढी मोठी गोष्ट नव्हती. पण दुसरा कान नव्हता. त्यांनी टक्केवारीही सांगितली.

"टक्के शंभर माणसांचे असतात," आत्या म्हणाली. "माझा एकच कान आहे."

"म्हणून तर काळजीने करायचंय."

"आणि उजवी बाजूही गेली तर?" हे मी विचारलं. मला वाटलं, काहीतरी विचारायला हवं.

"मग डावी बाजू बरोबर उजवी बाजू," आत्या म्हणाली. "आयुष्यभर दुसरं काय शिकवलं मी."

परतताना मुंब्रा बायपासवर ती माझ्या संसाराबद्दल काहीही बोलली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच. मला इतकं भयंकर वाटलं की मीच विषय काढला, मेधा आणि माझं परवा पडद्यांच्या रंगावरून भांडण झालं म्हणून. तिने ते ऐकलंसुद्धा नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

दोन दिवसांनी मोठे डॉक्टर कमरेला पट्टा बांधून स्वतः कोपरला आले. दुसरा मजला जिन्याने चढले. दारातच म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. मी बघायला पाहिजे होता."

"ये, बस," आत्या म्हणाली. "अर्धा पेपर तपासून पूर्ण मार्क देत होतास, हे मला कळत होतं. मीच बोलले नाही, कारण मार्क मला हवे होते." त्यांचे डोळे भरून आले. तिने त्यांना लाडू दिला आणि तो संपेपर्यंत उठू दिलं नाही.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं. आणि मग आत्याने जे केलं ते फक्त आत्याच करू जाणे. तिने वेळापत्रक आखलं. चौकोनी कागदावर, पट्टीने रेघा मारून. वार, वेळ, नाव. आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं, "गुरुवारपासून सेवा बंद होण्याची शक्यता आहे. कुणाचं मला काही सांगायचं राहिलं असेल तर सांगून जा. प्रत्येकी अर्धा तास. एका वेळी एकच माणूस. सोबत फळं आणू नयेत."

लोक आले. बैठकीच्या खोलीत आत्याच्या उजव्या हाताला एक खुर्ची मांडलेली असे. तिच्यावर बसून एकेक जण आयुष्यात राहून गेलेलं सांगणार होता. मी आणि मेधा आळीपाळीने चहा करायला हजर. स्वयंपाकघराला दार नसून नुसता पडदा आहे, त्यामुळे सगळं कानावर पडायचं. त्याला आमचा इलाज नव्हता, आणि असता तरी आम्ही केला नसता. मला वाटलं होतं, आता घराण्याचे चाळीस वर्षांचे रुसवेफुगवे बाहेर पडतील. प्रत्यक्षात चुलतभाऊ अर्धा तास सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटवर बोलला. काकू आली आणि तिने बटाटे हल्ली कसे शिजत नाहीत ते सांगितलं. आत्याची एक जुनी सहकारी शिक्षिका नुसती रडली, आणि आत्याने तिला वेळेआधी पाच मिनिटं सोडलं. जन्मभर ज्या माणसांना तिला काहीतरी सुनावायचं होतं, त्यांना खुर्ची, वेळ आणि चालू कान दिल्यावर काही आठवेना.

माझी वेळ बुधवारी चार ते साडेचार. मी ठरवून गेलो होतो की तिने माझ्यासाठी काय काय केलं ते बोलायचं. बसलो आणि तोंडातून निघालं, "आत्या, नववीत प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तुझी खोटी सही मी केलेली."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगली होती, म्हणून गप्प बसले."

मग पंचवीस मिनिटं आम्ही वाटाणे सोलले.

साडेचारला बाबा आले. त्यांचं नाव वेळापत्रकात शेवटचं होतं. सत्त्याहत्तर वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी असून तिचा आधार न घेणारे. त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं, मग ती उचलली आणि आत्याला वळसा घालून तिच्या डाव्या हाताला, खिडकीपाशी नेऊन ठेवली.

"इकडे वारा येतो," म्हणाले.

मला वाटलं, म्हातारपणी विसरले. मी चहाचा ट्रे घेऊन पडद्यापाशी आलो होतो, सांगणार होतो की बाबा, त्या बाजूने नाही. पण तेवढ्यात ते बोलायला लागले, आणि मी तिथेच थांबलो.

"विजू," ते खाली बघत म्हणाले, "तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, लगेच भरती करा. आठवडासुद्धा थांबू नका म्हणाले होते. तू बाहेर बाकावर होतीस. मी घरी येऊन सांगितलं, औषध दिलंय, बरं होईल. माझं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. डोक्याला बँडेज बांधलेली बहीण मांडवात... लोक काय म्हणतील, मुलीकडचे काय म्हणतील. म्हटलं, लग्न होऊ दे, मग नेतो. आईलासुद्धा बोललो नाही. कुणालाच बोललो नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "लग्नानंतर पूजेच्या दिवशी तू मला हाक मारलीस, दादा, माझं तोंड बघ कसं होतंय. तेव्हापासून रोज बघतोय मी ते."

आत्या समोर बघत वाटाणे सोलत होती. शेंग, बोट, वाटी. बाबा अजून थोडं काही पुटपुटले, ते मलाही ऐकू आलं नाही. मग त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

हातातली शेंग संपवून आत्या त्यांच्याकडे वळली. "दादा, अरे बसून राहिलास नुसता. तुझी तासिका संपत आली. चहा तरी घे."

त्यांनी चहा घेतला.

खाली रिक्षात बसवताना मी त्यांना म्हटलं, "बाबा, तिला उजवीकडून सांगा ना. उद्या ऑपरेशन आहे. नंतर कदाचित..."

"सांगितलं मी."

"ती त्या बाजूने ऐकत नाही."

"ती कुठून ऐकते ते मला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मला माहीत आहे." आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चला."

वर आलो तर आत्या वाटी घेऊन तशीच बसलेली. "काय म्हणत होता रे दादा?"

आता इथे दुसरा कोणी असता तर त्याने सांगून टाकलं असतं. मी म्हणालो, "काही नाही. सोसायटीच्या लिफ्टचं."

"लिफ्टच्या विषयात रुमाल लागला," आत्या म्हणाली. "म्हणजे बरीच बिघडलेली दिसते." पुढे तिने विचारलं नाही.

घरी येऊन मी लग्नाचा अल्बम काढला. लग्नाच्या फोटोत आत्या करवलीच्या वेषात आईच्या मागे उभी आहे आणि अगदी मोकळेपणी हसतेय. दोन्ही बाजूंनी. ते हसू मी आधीही शंभरदा पाहिलं असेल, पण ते आत्याचं म्हणून नव्हे. मला ती कोणी दुसरीच मुलगी वाटायची. पूजेच्या फोटोत तिने गालावर हात ठेवलाय. मधे फार दिवस नाहीत. त्या लग्नाचा दीर्घकालीन परिणाम म्हणजे मी, हेही त्या वेळी लक्षात आलं, आणि एकूण सौदा आत्याच्या बाजूने फारसा बरा झाला असं मला म्हणता येईना.

गुरुवारी ऑपरेशन झालं. साडेचार तास. चेहऱ्याची नस वाचली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरबाईंनी खुणेने हसायला सांगितलं आणि उजवा कोपरा वर गेला. गाठ सगळी काढली होती. ऐकण्याच्या हाडांपैकी एकच उरलं होतं, त्यावर पडदा बसवला होता. पण कानात औषधाची पट्टी ठासून भरलेली, ती तीन आठवडे काढायची नव्हती. म्हणजे तीन आठवडे डावा गेलेला आणि उजवा बंद. आतला मुख्य कान शाबूत आहे की नाही हे पट्टी निघाल्यावर कळणार.

मी पाटी आणून दिली. लोक लिहायचे, आत्या मोठ्याने उत्तर द्यायची, फारच मोठ्याने, कारण तिला स्वतःचा आवाजही येत नव्हता. त्या तीन आठवड्यांत कोपरच्या त्या बिल्डिंगला आमच्या घराण्याची पुष्कळ माहिती मिळाली. काकूने पाटीवर लिहिलं, आता तूप खायला हरकत नाही ना. त्यावर आत्या काय म्हणाली ते तिसऱ्या मजल्यानेही ऐकलं.

बाबा रोज यायचे. बसायचे. पाटी घ्यायचे आणि लिहायचे, जेवलीस का. आत्या ओरडायची, "हो." मग ते पाटी पुसायचे, खडू हातात धरून राहायचे, आणि ठेवून द्यायचे. एकदा मी पाहिलं, त्यांनी 'विजू' एवढं लिहिलं आणि तेही पुसलं. लिहून दाखवणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. कागद असो की पाटी, लिहिलेलं समोर राहतं.

पट्टी काढायच्या दिवशी बाबा म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, दगदग होईल. ते काठी घेऊन आधीच गाडीत जाऊन बसले होते, मागे.

ठाण्याला डॉक्टरबाईंनी आत्याला खुर्चीत बसवलं आणि दुर्बिणीखाली इंचाइंचाने पट्टी ओढून काढली. रक्ताळलेली, लांबच लांब. आत्याने खुर्चीचे हात धरले होते. मी खांबाच्या जागेवर, समोर. मग सक्शन झालं, आणि डॉक्टरबाई तिच्या पाठीमागे गेल्या. ओठ दिसू नयेत म्हणून. बोलण्याच्या आवाजात त्या म्हणाल्या, "तुमचं नाव काय?"

"विजया," आत्या म्हणाली.

"कुठे राहता?"

"कोपर."

डॉक्टरबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या पुढे येऊन मला म्हणाल्या, "हे प्रश्न मी ऑपरेशनआधीच्या तपासण्यांतही विचारले होते. यांना क्रम पाठ आहे. खरंच ऐकतायत की अंदाजाने सांगतायत, कळत नाही." आत्या तिच्या त्या ठरावीक चेहऱ्याने समोर बघत होती. तीस वर्षं हेच तर केलं होतं तिने. डॉक्टरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाबांना म्हणाल्या, "काका, तुम्ही या. मागे उभे राहा आणि काहीतरी बोला. त्यांना आधी ओळखता येणार नाही असं. आवाज नेहमीचा ठेवा, ओरडायचं नाही."

बाबा आत्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. काठी दुसऱ्या हातात घेतली.

"काहीही चालेल काका. जेवणाचं, गावाचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मग बाबा म्हणाले, नेहमीच्या आवाजात, न ओरडता, "विजू, डॉक्टरांनी तेव्हा लगेच ने म्हणून सांगितलं होतं. माझ्या लग्नासाठी मी थांबवलं. मी कुणाला सांगितलं नाही."

डॉक्टरबाई पेन घेऊन केसपेपरवर वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"आजी, ऐकू आलं?" मग त्यांनी समोर येऊन विचारलं.

"आलं."

"काय म्हणाले ते सांगा. मला लिहायचंय."

"ते घरचं आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही लिहा, ऐकू आलं."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. खुर्ची गोल फिरणारी होती. एक पाय टेकवून आत्या मागे वळू शकली असती. ती वळली नाही. समोर माझ्याकडे बघत, पण माझ्याशी नाही, म्हणाली,

"दादा, अजून काही असेल तर बोल. तपासणी चालू आहे."